घर आपले, पण कागद कुणाचे?



२०२३ च्या वर्षावासातली गोष्ट आहे. आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली, ग्रंथवाचन झाले आणि मंडळी आपापल्या चपला शोधू लागली. एक उपासिका मात्र सतरंजीवरून उठल्या नाहीत. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांचा गठ्ठा. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही हिशेबाचं काम करता ना? मग एवढं बघून सांगा. दोन वर्षं होत आली, एक हप्ता चुकवला नाही. तरी कर्ज कमी का होत नाही?"

हे कुटुंब मूळचे आमच्या चेंबूरकडच्या वस्तीतले. भाड्याच्या खोलीत त्यांनी पंधरा वर्षे काढली. २०२१ च्या सप्टेंबरात बदलापूरला स्वतःचे वन रूम किचन घेतले. वस्ती सुटली, पण विहार सुटला नाही. वर्षावासात रविवारची गाडी पकडून ती माणसे यायचीच. भाऊ टेम्पो चालवतात, पगार २१ हजार. ताई एका रुग्णालयात कंत्राटावर सफाईचे काम करतात, पगार १४ हजार. मुलगी तेव्हा बारावीत, मुलगा सातवीत. त्यांच्याच परवानगीने, नाव न सांगता, त्यांचा हिशेब आज इथे मांडतो आहे. कारण अशी पिशवी आपल्या घराघरांत आहे. कुणी ती कपाटावर ठेवतो, कुणी देव्हारा गेला त्या फळीवर ठेवतो, पण उघडून वाचत कुणीच नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख कर्ज काढून घर घेऊ नका असे सांगणारा नाही. घराचे मोल आपल्याइतके कुणाला कळणार? आपल्या बापजाद्यांची घरे गावाबाहेर होती, आणि ती ज्या जागेवर उभी होती ती जागाही त्यांच्या नावावर नव्हती. मुंबईत आले तेव्हा बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-दोन कुटुंबे राहिली. आजही भाड्याने घर शोधताना आधी आडनाव विचारले जाते, आणि आडनाव सांगितले की "कालच जागा गेली हो" असे उत्तर मिळते. दारावर आपली पाटी आणि आत बाबासाहेबांचा व तथागतांचा फोटो, तो कुणाला न विचारता लावलेला, ही केवळ विटा-सिमेंटची गोष्ट नाही. ती आपल्या स्वाभिमानाची गोष्ट आहे. म्हणूनच ते घर कर्जाच्या कागदात अडकून हातचे जाता कामा नये.

आता पिशवीकडे वळू.

घराची किंमत २४ लाख. बँकेने कर्ज दिले २० लाख, दर ७ टक्के, मुदत २० वर्षे, हप्ता दरमहा १५,५०६ रुपये. वरचे ४ लाख घरचे घालायचे होते. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि किरकोळ खर्च मिळून २ लाख २० हजार. म्हणजे ६ लाख २० हजार रोख हवे होते. हातात होते अडीच लाख, तेही भाऊंचा भविष्य निर्वाह निधी काढून. मग दलालानेच एका फायनान्स कंपनीचा माणूस गाठून दिला. अडीच लाखांचे वैयक्तिक कर्ज, १८ टक्के दराने, चार वर्षांसाठी. त्याचा हप्ता ७,३४४ रुपये. ताईंचे दागिने गहाण ठेवून ७० हजार आले आणि मामाकडून ५० हजार हातउसने घेतले.

वाचकहो, इथे थांबून बेरीज करा. घराचा हप्ता १५,५०६, वैयक्तिक कर्जाचा ७,३४४, दागिन्यांवरचे व्याज ७०० आणि मोबाइलचा हप्ता १,४५०. झाले बरोबर २५ हजार. घरात येतात ३५ हजार. उरलेल्या दहा हजारांत किराणा, वीज, सोसायटीचा खर्च, रेल्वेचे पास, मुलांची फी आणि आजारपण. ताई म्हणाल्या, "दादा, स्वतःच्या घरात आल्यापासून भाजी निम्मी झाली."

पण त्यांचा मूळ प्रश्न वेगळा होता. हप्ता भरूनही कर्ज का हलत नव्हते?

हप्ता आपल्याला एकच दिसतो, पण त्याच्या पोटात दोन भाग असतात, व्याज आणि मुद्दल. बँक आधी आपले व्याज कापून घेते आणि उरलेले मुद्दलात जमा करते. २० लाखांवर ७ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज होते ११,६६७ रुपये. म्हणजे १५,५०६ पैकी मुद्दलाला मिळाले ३,८३९. पहिली काही वर्षे असेच चालते. मुद्दल फिटत जाते तसे व्याज कमी होते आणि मुद्दलाचा वाटा वाढतो. इथपर्यंत यात फसवणूक नाही, हा व्याजाचा साधा हिशेब आहे.

अडचण दराची होती. त्यांचे कर्ज बदलत्या दराचे होते. बँकांनी व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाचा दर ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या एखाद्या दराला बांधलेला असतो, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला. कोरोनाच्या काळात रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. तेव्हा जागोजागी "इतके स्वस्त कर्ज पुन्हा मिळणार नाही" असे फलक लागले. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा टक्के झाला. त्याबरोबर या कुटुंबाचे ७ टक्क्यांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांचे झाले. पण हप्ता तोच राहिला. म्हणून घरात कुणाला काही कळलेच नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये शिल्लक कर्ज होते १९ लाख ४१ हजार. त्यावर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याज होते १५,३६६ रुपये. हप्ता १५,५०६. उरले किती? १४० रुपये! बाई पहाटे चारला उठते, नवरा रात्री अकराला घरी येतो, आणि महिनाभराच्या त्या कष्टांतून मुद्दलाला मिळतात एकशे चाळीस रुपये. २३ हप्त्यांत त्यांनी ३ लाख ५६ हजार भरले होते. कर्ज कमी झाले होते जेमतेम ५९ हजारांनी.

पिशवीच्या तळाशी बँकेचे एक पत्र होते, इंग्रजीत. मोबाइलवर तसाच संदेशही आला होता, पण तो जाहिरात समजून पुसला गेला. पत्रात लिहिले होते की तुमचा हप्ता १६,५३५ रुपये करण्यात येत आहे आणि कर्जाची मुदत ऑगस्ट २०५१ पर्यंत वाढवण्यात आली आहे. कर्ज घेतले तेव्हा ते २०४१ ला फिटणार होते. भाऊ तेव्हा ३८ वर्षांचे. २०५१ ला ते ६६ वर्षांचे होतील. त्या वयात टेम्पो कोण चालवणार?

मी तिथेच पेन्सिलीने मांडले. नवीन पत्राप्रमाणे अजून ३३६ हप्ते, एकूण ५५ लाख ५६ हजार. मुदत जुनीच ठेवली, म्हणजे उरलेले २१७ हप्ते, तर हप्ता येतो १८,७५५ आणि एकूण भरणा ४० लाख ७० हजार. दर तोच राहिला असे धरले तर दरमहा फक्त २,२२० रुपये जास्त भरल्याने सुमारे १४ लाख ८६ हजार रुपये वाचतात आणि दहा वर्षे आधी कर्जातून सुटका होते. ताईंनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "पण हे दोन हजार आणायचे कुठून?"

त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझ्याही कपाटातला गृहकर्जाचा लिफाफा काढला. मी बी.कॉम. झालेला, दिवसभर दुसऱ्यांच्या खात्यांवर टिकमार्क करणारा माणूस. माझ्या कर्जाची मुदतही चार वर्षांनी वाढली होती आणि ते पत्र मी फोडलेले नव्हते. हे लाज बाजूला ठेवून लिहितो आहे. शिकलेला माणूस न वाचता सही करतो, तर अंगठा देणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, ती अंगुत्तर निकायात आहेत. न्यायाने मिळवलेली संपत्ती असणे, ती उपभोगणे व तिच्यातून दान करणे, कुणाचेही ऋण नसणे आणि निर्दोष आचरण. ऋणमुक्त असणे हे गृहस्थाचे सुख म्हणून त्यांनी वेगळे मोजले आहे. त्याच निकायात आणखी एका ठिकाणी दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन अशी पायरीपायरीने सांगितलेली दुःखाची साखळी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही साखळी आणि आजचा वसुलीवाल्याचा फोन यांत मला फरक दिसत नाही. आपले बाबासाहेब तर अर्थशास्त्राचे पंडित. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांनी दर, मुद्दल आणि मुदत या तीन शब्दांना घाबरावे हे बरे नाही.

देशाचे चित्रही पाहू. रिझर्व्ह बँकेच्या अहवालांप्रमाणे भारतातल्या कुटुंबांचे कर्ज अलीकडे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या साधारण ४० टक्क्यांच्या घरात आहे. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग घरासाठी नाही. तो वैयक्तिक कर्जे, क्रेडिट कार्डे, वाहने, वस्तू, सोनेतारण यांचा आहे. घराचे कर्ज निदान भिंती तरी उभ्या करते. लग्नाचे कर्ज तिसऱ्या दिवशी पंगतीबरोबर उठून जाते आणि हप्ता मात्र तीन वर्षे राहतो. आपल्या वस्त्यांत घरे जातात ती बहुतेक वेळा एकट्या गृहकर्जामुळे नाही. गृहकर्जाभोवती जमलेल्या या लहान लहान कर्जांमुळे जातात.

आणि घरे तरी कुणासाठी बांधली जात आहेत? १ एप्रिल २०१९ पासून जीएसटीच्या नियमात "परवडणारे घर" म्हणजे ४५ लाखांपर्यंतचे घर. ४५ लाखांचे घर घ्यायचे तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३६ लाख देणार. नऊ लाख आणि वरचा खर्च आपला. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता होतो ३१,२४२ रुपये. आमच्या ताई-भाऊंचा दोघांचा मिळून पगार ३५ हजार! हे परवडणारे घर त्यांना परवडत नाही. म्हणून कष्टकरी माणूस बदलापूर, टिटवाळा, विरार, नालासोपारा असा रेल्वेच्या टोकाला सरकत जातो. किमतीत वाचलेले पैसे पासात, वेळेत आणि आरोग्यात जातात. गिरण्या, कारखाने आणि महानगरपालिका ज्यांच्या घामावर चालल्या त्यांना शहरात जागा नाही, हा प्रश्न हिशेबाच्या वहीने सुटणारा नाही. त्यासाठी संघटना आणि लढाच हवा. पण लढा देणारा माणूस वसुलीवाल्याला चुकवत फिरत असेल, तर तो मोर्चाला कसा येणार?

याच ठिकाणी मला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांची आठवण होते. त्यांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या दलित पँथरचे नाव १९७२ मध्ये पडले. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. लाल म्हणजे धोका. अशा वस्त्यांना पिढ्यान् पिढ्या कर्ज नाकारले गेले. १९६८ मध्ये घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. पण पुढे २००० नंतर उलटाच खेळ सुरू झाला. ज्यांना पूर्वी कर्ज देत नव्हते त्यांच्याच दारात दलाल जाऊ लागले आणि चढ्या दराची कर्जे गळ्यात घालू लागले. २००८ मध्ये तो डोलारा कोसळला आणि लाखो घरांवर जप्ती आली. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांकडून जास्त दर व शुल्क घेतल्याच्या आरोपावरून कंट्रीवाइडने २०११ मध्ये साडेतेहतीस कोटी डॉलरची आणि वेल्स फार्गोने २०१२ मध्ये साडेसतरा कोटी डॉलरची तडजोड तिथल्या सरकारशी केली. तोवर घरे गेली होती.

यातून आपण काय घ्यायचे? माणसाची जात किंवा वस्ती पाहून कर्ज नाकारणे हा अन्याय आहे. त्याला न झेपणारे कर्ज गोड बोलून गळ्यात घालणे हाही अन्यायच आहे. पहिला अन्याय आपल्याला ओळखता येतो, कारण तो अपमान करतो. दुसरा हसत येतो, "सर, मॅडम" म्हणतो आणि चहा पाजतो.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते क्रमाने सांगतो. हा भाग कापून ठेवा.

१. बँक किती देते ते पाहू नका. आपल्याला किती झेपते ते पाहा. घराचा, गाडीचा, मोबाइलचा, बचत गटाचा असे सगळे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ नयेत, हा माझा साधा नियम आहे.

२. घरचा हिस्सा कर्ज काढून भरू नका. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सहसा त्या किमतीत धरत नाहीत. तेवढी शिल्लक नसेल तर दोन वर्षे थांबा. विनापरवाना सावकाराच्या दारात तर जाऊच नका. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

३. घर बाईच्या नावावर घ्या. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घेतलेल्या राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमच्या ताईंचे नाव लावले असते तर २४ हजार वाचले असते. पण दलाल बोलला नाही आणि यांनी विचारले नाही. पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले त्यात स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न होता. तो हक्क आपल्या घरापासून सुरू करावा.

४. नवीन इमारतीत घर घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक तपासा. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच विचारा. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही.

५. सरकारी योजनांची चौकशी आधी करा, घर घेतल्यावर नको. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भागासाठीचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. त्यात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाची सवलत आहे. ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार असून पाच हप्त्यांत मिळते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास घरकुल योजना आहे. गावी जागा असणाऱ्यांनी तिची विचारणा ग्रामपंचायत व पंचायत समितीत करावी, शहरातल्यांनी नगरपालिकेत.

६. दर वाढला की गप्प बसू नका. १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडेथोडे करायचे, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. अर्ज मराठीत लिहा आणि पोच घ्या. दर उतरला तर हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी करून घ्या. २०२५ मध्ये रेपो दर सव्वा टक्क्याने खाली आला. तुमच्या खात्यात तो उतरला का, हे शाखेत जाऊन विचारा. गृहवित्त कंपनीचे कर्ज असेल तर जास्तच जागरूक राहा, कारण त्यांचे दर रेपोला बांधलेले असतीलच असे नाही.

७. बोनस मिळाला, भिशी लागली की मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड आकारता येत नाही.

८. हप्ता थकला तर लपवू नका. ९० दिवस थकले की खाते बुडीत वर्गात जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर ताबा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. पण त्याआधीच, पहिला हप्ता चुकतो आहे असे दिसताच, शाखेत जाऊन लेखी कळवणे सर्वांत बरे.

९. कर्ज फिटले की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईचा नियम आहे. घराचे कागद हातात आले म्हणजेच घर पुरते आपले झाले.

आता राहिली ताईंची गोष्ट. त्या रविवारनंतर आठवड्याने मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात सगळे खाली बसलो. हिशेब ऐकून मुलगी म्हणाली, "मी कॉलेज सोडते. मॉलमध्ये बारा हजार देतात." आई काही बोलली नाही. बाप वर पंख्याकडे बघत राहिला. मला वाटते कर्जाची खरी जप्ती अशीच येते. ती आधी मुलांच्या वह्यांवर येते, घराला टाळे लागण्याच्या कितीतरी आधी.

तेव्हा ताईंचे धाकटे दीर बोलले. ते कुरिअर कंपनीत कामाला. त्यांचे लग्न ठरले होते. त्यासाठी दीड लाख साठवले होते आणि हॉल, बँड, जेवणासाठी वर दोन लाख कर्ज काढणार होते. ते म्हणाले, "वहिनी, हॉल नको. विहारात लग्न लावू. माझे पैसे तुम्ही घ्या. पोरीचं शिक्षण थांबवू नका." मुलीकडच्यांना समजावायला दोन फेऱ्या झाल्या. नवऱ्या मुलीचे वडील आधी नाराज झाले, "लोक काय म्हणतील?" म्हणाले. मग त्यांनीच सांगितले की थोरल्या लेकीच्या लग्नाचे कर्ज ते अजून फेडत होते. शेवटी लग्न विहारात झाले. त्रिशरण, पंचशील, दोघांची प्रतिज्ञा आणि शंभर माणसांना साधे जेवण. नोंदणीही त्याच आठवड्यात केली.

दिरांच्या दीड लाखातून १८ टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज बंद केले. वर थोडे शुल्क लागले, तेही भरले. त्यामुळे दरमहा ७,३४४ रुपये मोकळे झाले. त्यातले ५ हजार दिरांना परत द्यायचे ठरले, तीस महिन्यांत, बिनव्याजी, वहीत लिहून. उरले २,३४४. गृहकर्जाची मुदत पूर्वीसारखीच ठेवण्यासाठी २,२२० हवे होते. बँकेत तीन हेलपाटे घातले. पहिल्या वेळी "सिस्टीममध्ये होत नाही" असे उत्तर आले. दुसऱ्या वेळी साहेब रजेवर होते. तिसऱ्या वेळी परिपत्रकाची प्रत जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. पंधरा दिवसांनी नवे पत्र आले. शेवटचा हप्ता सप्टेंबर २०४१.

त्यांची अडचण संपली असे मी म्हणणार नाही. दागिने सोडवायला वर्ष लागले. प्रवासात रोज चार तास अजूनही जातात. पण २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा त्यांनी हप्ता तोच ठेवला, त्यामुळे मुदत आणखी मागे येते आहे. मुलगी बारावी झाली आणि आता कॉलेजात आहे. कर्जाची वही तीच लिहिते. दर महिन्याला किती व्याज, किती मुद्दल, शिल्लक किती, हे तिला तोंडपाठ आहे.

माझी प्रत्येक विहार समितीला आणि महिला मंडळाला विनंती आहे. वर्षातून एक रविवार कागदांसाठी ठेवा. वंदनेनंतर ज्याने त्याने आपली पिशवी आणावी. वस्तीत बी.कॉम. झालेली मुले आहेत, बँकेत लागलेली मुले आहेत, त्यांना बसवा. दार लावून घ्या, म्हणजे कुणाची लाज बाहेर जाणार नाही. जयंतीची वर्गणी आपण दारोदार फिरून जमवतो, तेवढ्याच आस्थेने हे काम केले तर कितीतरी घरे वाचतील.

आणि आज हे पान वाचून झाल्यावर उठा, कपाटातला तो लिफाफा काढा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख बघा.

जयभीम! नमो बुद्धाय!